गप्प बसणारी सिस्टर

"सिस्टर, तू आमच्या लोकायसारखी गप बसाले शिकून राह्यली, हे काही बरं नाई," असं सोमारी तिला म्हणाली होती, आणि संघप्रियानं ते हसण्यावारी नेलं होतं. भामरागडच्या पुढचं एक गाव, पावसाळ्यात नदी चढली की जगापासून तुटणारं. तिथून दोघी पायी परत येत होत्या. सोमारी त्या भागातली आशाताई, माडिया आदिवासी घरातली, पण तोंडाचा पट्टा कधी बंद नसायचा. संघप्रिया चंद्रपूरहून आलेली कंत्राटी नर्स, नोकरी पहिलीच. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे ती सुरुवातीला अंगणात शिरली की विचारायची, काय दुखतं, कधीपासून, ताप आहे का. लोक तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहायचे. मग हळूहळू तिला कळलं, की इथं आधी बसायचं. पाणी येतं, ते प्यायचं. कोणीतरी रानडुकरांनी धान कसं तुडवलं ते सांगतो, ते ऐकायचं. पुन्हा गप्प. आणि त्या गप्प बसण्यातून, हाकेला न येणारी गाय पाठ फिरवली की आपण होऊन मागून यावी तसं, दुखणं येतं. बाजूबाजूनं, दुसऱ्याचंच असल्यासारखं. सोमारीला मात्र या सगळ्याचा कंटाळा होता. "आमचे लोक बसतेत तं बसू दे. तू काऊन बसते? एक दिवस मोठ्या दवाखान्यात जाशीन, तं तिथले म्हनतीन हे बाई मुकी हाय." "म्हणू दे की," असं संघप्रिया म्हणाली होती आणि हसत हसत पुढं चालली होती.

म्हटलं त्यांनी. अगदी तेच म्हटलं, फक्त जर्मनमध्ये.

हे सगळं तिला आत्ता, बाबूपेठेतल्या घराच्या ओट्यावर, कानात इअरफोन घालून बसलेली असताना आठवायचं खरं तर काही कारण नव्हतं. पुण्यातले सर ऑनलाइन जर्मनच्या तोंडी परीक्षेची तयारी करून घेत होते. "शांतता म्हणजे शून्य गुण," सर म्हणत होते, "काहीतरी बोलत राहा. हवामानावर बोला. उशीवर बोला." समोरच्या गल्लीत रिंकू पळत होती. चार वर्षांची तिची लेक, दोन वेण्या, एका पायात चप्पल. खाणीकडून दुपारचं ब्लास्टिंग झालं, खिडकीची काच थरारली, आणि कोणी मानही वर केली नाही, चंद्रपुरात कोणी करत नाही. त्यानंतर लगेचच रिंकू पडली. गुडघा फुटला. संघप्रियानं इअरफोन ओढून काढला, दोन्ही हात पुढं केले. ती नर्स होती, आणि ती आई होती. रिंकू रडत उठली, पळत आली, आणि तिच्या पुढं केलेल्या हातांच्या बाजूनं, तिला न शिवता, आत गेली. आत सुगंधाबाई, तिची सासू, तांदूळ निवडत होती. "आलं गं माय, आलं माहं वासरू," असा आवाज आला. संघप्रियाचे हात अजून तसेच पुढं होते. ते मागं कसे घ्यायचे हे तिला काही क्षण सुचेना. मोबाइलमध्ये सर विचारत होते, "संघप्रिया, आर यू देअर?"

तिच्या डोक्यात तेव्हा दुःख नव्हतं, हे तिला स्वतःलाच नवल वाटलं. राग होता. लेकीवर नाही, सासूवर तर नाहीच. रिंकू दोन वर्षांची असताना ती जर्मनीला गेली. एका लहान गावात म्हाताऱ्यांचं निवासगृह, तिथं नर्सची डिग्री असूनही मदतनीस म्हणून कामाला. नर्स म्हणून मान्यता हवी तर भाषेची परीक्षा पास व्हायची. बी-टू पातळीची, तीही दवाखान्याची भाषा. मान्यता मिळाली की पगार वाढतो, घर मिळतं, आणि लेकीला नेता येतं. त्या 'आणि'साठी तिनं काय काय केलं. म्हाताऱ्यांना आंघोळ घालताना अवयवांची नावं घोकली. बटाटे सोलताना बातम्या ऐकल्या. बसमध्ये उभ्यानं क्रियापदं चघळली, आणि शेजारची बाई हिला वेड लागलंय अशी बघायची तेव्हा तिच्याकडे बघून आणखी मोठ्यानं चघळली. लेखी पास झाली. ऐकण्यात पास झाली. तोंडीत नापास.

तोंडीत एक परीक्षक बाई पेशंट झाली होती. नुकतीच दवाखान्यात भरती झालेली म्हातारी, असं सोंग. संघप्रिया आत गेली, नमस्कार केला, नाव सांगितलं, खुर्ची पलंगाजवळ ओढली, पाण्याचा पेला भरून हातात दिला. आणि बसली. म्हातारीच्या डोळ्यांकडे न बघता, तिच्या हाताच्या जरा बाजूला बघत, जसं नदीपलीकडच्या अंगणात बसायची तसं. भाषा सगळी होती तिच्याजवळ, घशापर्यंत भरलेली. पण इतक्यात कसं विचारायचं? पाणी तरी पिऊ दे माणसाला. दुसरा परीक्षक घड्याळाकडे बघू लागला. पेशंट झालेली बाई पेला हातात धरून गोंधळून तिच्याकडे बघत होती, आणि मग तिनंच विचारलं, तुम्हाला प्रश्न समजला का? निकालात लिहून आलं: संभाषण पुढं नेता येत नाही. निवासगृहातल्या मुख्य नर्सला तो निकाल पटलाच नाही. "ज्यांची जीभ कोणापाशी सुटत नाही ते आजोबासुद्धा तुझ्याशी बोलतात," ती म्हणाली, "मग तिथं तुला झालं काय?" काय सांगणार? माझ्या परीक्षेत भामरागड आडवं आलं असं सांगणार?

आता रजेवर येताना तिनं तोंडी परीक्षेची फेरी नागपूरच्या केंद्रात मागून घेतली होती, कारण तिकडे तारीख फार पुढची होती. येत्या शनिवारी. पास झाली तर कागद सुरू होतील आणि रिंकू तिच्याबरोबर येईल. नापास झाली तर ती एकटी परत जाईल, पुन्हा मदतनीस, आणि पुढच्या वेळी ती येईल तेव्हा लेक हातांच्या बाजूनं जाणारही नाही. दारात उभी राहून, आजी, कोनीतरी पाहुनी आली, असं आत सांगेल. हे वाक्य तिनं मनात रिंकूच्या आवाजात ऐकलं आणि इअरफोन पुन्हा कानात घातला.

संध्याकाळी प्रफुल, तिचा नवरा, खाणीवरून आला. कंत्राटदाराच्या डम्परवर तो चालक. कानातून, भुवयांतून कोळशाची भुकटी निघायची. तिनं त्याला पेशंट व्हायला सांगितलं. तो आंघोळ करून पलंगावर आडवा झाला आणि कण्हायला लागला. तिनं जर्मनमध्ये विचारलं, तुम्हाला कुठं त्रास होतोय? "मले बायको नापास झाल्याचा त्रास होऊन राह्यला," प्रफुल म्हणाला. "नीट कर ना." "नीटच करून राह्यलो. इथी दुखते, खिशापाशी." रिंकू खो खो हसली. संघप्रियाला हसू आलं नाही, आणि आपल्याला हसू आलं नाही याचाही राग आला. लग्नाआधी ती याच्या असल्या विनोदांवरच भाळली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रफुल ड्युटीवर, रिंकू शेजारच्या भाग्यश्रीकडे. सुगंधाबाईनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मी होते तुही म्हातारी. त्याले काही जमत नाई, तो टवाळ हाय."

"आई, तुम्हाला जर्मन कुठं येतं?"

"तू तुह्या भाषेत पूस. मी माह्या भाषेत सांगीन. तुले कोनता पेशंट पुस्तकातलं बोलनार हाय तिथी?"

हे खरं होतं. सुगंधाबाई पलंगावर झोपली. चादर छातीपर्यंत ओढली, डोळे मिटले, एक उघडून सुनेकडे पाहिलं, पुन्हा मिटला. शाळेत पोषण आहार शिजवून जन्म काढलेली बाई, पण बुद्धविहारातल्या जयंतीच्या नाटकात दरवर्षी एखादी म्हातारी तिच्याच वाट्याला यायची, तरुणपणापासून. संघप्रियानं जर्मनमध्ये नमस्कार केला, नाव सांगितलं, आजची तक्रार विचारली.

"माहा पोरगा अमेरिकेत हाय, मले पाहत नाई," सुगंधाबाई थरथरत्या आवाजात म्हणाली. "सून हाय, तेही तसलीच."

संघप्रियाला या खेपेला हसू आलं. तिनं पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. सरांनी सांगितल्याप्रमाणे उशीबद्दल बोलली, खिडकीबद्दल बोलली, हवा छान आहे म्हणाली. बाहेर मे महिन्याची दुपार भट्टीसारखी पेटलेली आणि ती जर्मनमध्ये हवा छान आहे म्हणत होती. मग तिला त्या बडबडीची शिसारी आली. ती थांबली. पाण्याचा पेला भरून सासूच्या हातात दिला, आणि बसली. कूलर घरघरत होता. वाळ्याचा ओला वास येत होता. पंख्याची सावली छतावर फिरत होती आणि सुगंधाबाई त्या सावलीकडे बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे. संघप्रिया परीक्षेचं विसरली होती, तिला बरं वाटत होतं, असं कोणाजवळ तरी नुसतं बसून तिला फार दिवस झाले होते.

"सपाट झोपलं का छातीवर कोनी बसल्यासारखं होते," सुगंधाबाई म्हणाली. आवाज थरथरत नव्हता. "मंग मी उठून बसते. भिंतीले टेकून. पोरगी उठून जाईन म्हनून खोकत नाई. तोंडात पदर धरते. सकाळी मंग बरं वाटते."

हे नाटकातलं नव्हतं. म्हातारीचं सोंग घेतलेली म्हातारी खरं बोलत होती. तिला एकदम कितीतरी गोष्टी एका ओळीत दिसल्या. व्हिडिओ कॉलवर सासू कायम बसलेली असायची. बाजारातून येताना ती मधल्या दुकानाच्या पायरीवर टेकायची आणि दुकानदाराशी गप्पा मारायला थांबलो असं दाखवायची. तांदूळ निवडायला ती नेहमी खाली न बसता खुर्चीवर बसायची. हे सगळं तिनं पाहिलं होतं. आपण फार सावध आहोत, आपली नजर चुकत नाही, लेकीच्या अंगावरचा डाससुद्धा आपल्याला फोनमधून दिसतो असं ती समजत होती. आणि हे पाहून तिनं पाहिलं नव्हतं.

"कधीपासून, आई?" तिनं मराठीत विचारलं.

सुगंधाबाईनं मान वळवली. डोळ्यांत खट्याळपणा परत आला होता, पण उशिरा आला, धावत आल्यासारखा. "जर्मनीत पूस व. मराठीत पुसशीन तं मी बरी हाय."

"आई."

"नाटक होतं ते! खरं समजली का? पाह्य, कशी केली."

डॉक्टरांनी नाटक मानलं नाही. दुसऱ्या दिवशी संघप्रिया तिला जवळजवळ ओढतच गल्लीतल्या केवळरामच्या ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेली, आणि पट्टीवरच्या रेघा, यंत्रातला धूसर हलणारा गोळा बघून डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पाणी साचतंय, गोळ्या चालू करू, मीठ कमी, घाबरण्यासारखं नाही, पण एकटं ठेवू नका. शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पावतीवर सही करता करता. संघप्रियाला वाटलं, खोलीतली सगळी हवा त्या वाक्यानं ओढून घेतली. त्या परत निघाल्या. जटपुरा गेटच्या कमानीखाली गर्दीत ऑटो अडकला, हॉर्नचा कल्लोळ झाला, आणि त्या कल्लोळात संघप्रियानं ठरवून टाकलं, शनिवारी जायचं नाही. ठरवल्याबरोबर तिला हलकं वाटलं. फार हलकं. आणि हलकं वाटल्याचा संशय आला. हे त्यागाचं हलकेपण आहे की भीतीचं? नापास व्हायची वेळच येऊ नये म्हणून सासूच्या छातीआड लपणं तर नव्हे हे?

घरी आल्यावर तिनं सांगितलं. प्रफुल खाली बघून म्हणाला, "तू जा. मी राहतो इथंच."

"तू राहून काय करशीन?" सुगंधाबाई कडाडली. "डम्परवर बसून मले पाहशीन?" मग सुनेकडे वळली. "आन तू. माह्या छातीच्या नावानं नापास होनार का? तसं असन तं मी आत्ताच सांगते साऱ्या बाबूपेठेत, सून भेली म्हनून."

"भ्याले नाही मी."

"मंग काय झाली? लोक मले म्हनत, सुगंधाबाई, सून परदेशात, तू तिची पोर काऊन वागवते? मी म्हनो, तिनं शिकावं म्हनून. आता काय म्हनू, मी आजारी पडली म्हनून तिनं सोडलं? ते माह्या माथी नको मारू. मले माही छाती पुरे हाय."

"डॉक्टर म्हणाले एकटं ठेवू नका."

"डॉक्टर काय, त्यायची माय कुठी हाय पूस त्यायले."

प्रफुल हसला. संघप्रियाला रडू यायला हवं होतं, पण तिला आत कुठंतरी काहीतरी ताठ होताना जाणवलं, वाळलेल्या काटकीसारखं नव्हे, ओल्या बांबूसारखं. सगळे तिच्यापुढं तराजू घेऊन उभे होते. लेक की सासू. आई की नर्स. बोल की गप्प बस. आणि प्रत्येक वेळी पारडं वर गेलं काय, खाली गेलं काय, चूक तिचीच. पुरुषांनी देश सोडले तेव्हा त्यांना कोणी तराजू दाखवला नव्हता. तिनं ठरवलं, अपराधी वाटून घ्यायचं नाही. वाटलं तरी त्याच्या हातात सुकाणू द्यायचं नाही. काळजी करायची, काळजी तिच्या हाडातच होती, ती कुठं जाणार? पण काळजी म्हणजे माफी मागणं नव्हे.

शनिवारी नागपूरच्या केंद्रात खोली अतिथंड होती. पेशंट झालेला एक तरुण परीक्षक खुर्चीत वाकून बसला होता, हात छातीवर. छातीवरच हात असावा याचं तिला हसू यावं की काय कळेना. टेबलाशी दोघं, पेन घेऊन. तिनं नमस्कार केला, नाव सांगितलं, दोन प्रश्न विचारले, चांगले, स्वच्छ. तरुणानं पाठ केलेली उत्तरं दिली. मग सरांचा आवाज कानात आला, उशीवर बोला. उशी तिथं होतीच, पांढरी. तिनं उशीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. पाण्याचा पेला पुढं केला. टेबलाशी बसलेल्या बाईचं पेन थांबलं. एसीचा आवाज. मागच्या वेळेसारखंच पाताळ पायाखाली उघडताना तिला दिसलं, आणि पाताळाच्या पलीकडच्या काठावर एका पायात चप्पल घातलेली तिची लेक. बाईनं घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा संघप्रिया तिच्याकडे वळली आणि जर्मनमध्ये, शब्द शब्द तोलून, म्हणाली, "माझी भाषा संपलेली नाही. यांचं सांगून संपलेलं नाही, म्हणून मी थांबले आहे. मी जिथं काम शिकले, तिथं नर्स थांबते. याचे गुण तुमच्याकडे नसतील तर नसू देत, पण मी यांच्यावर बडबड करणार नाही." पेशंटसमोर परीक्षकाशी असं बोलणं नियमात बसत नसावं. बाईच्या भुवया वर गेल्या. आणि तेवढ्यात त्या तरुणानं, पेला हातात फिरवत, पाठांतरात नसलेलं काहीतरी म्हटलं: की तो रात्री झोपायला घाबरतो, कारण त्याचे वडील झोपेत गेले. ते सोंगातलं होतं की नव्हतं हे तिनं विचारलं नाही. तिनं खुर्ची जरा पुढं ओढली, आणि मग दोघं बोलत राहिले, घंटा वाजून गेली तरी.

ती पास झाली. काठावर. शेऱ्यात होतं: शब्दसंपदा उत्तम, थांबे लांब. प्रफुलनं तो शेरा एसटी स्टँडवरच्या चहावाल्यालाही वाचून दाखवला. सुगंधाबाईनं साखर वाटली आणि रात्रीची गोळी सगळ्यांदेखत, जाहीर सत्कार घ्यावा तशी गिळली.

कागद यायला पावसाळा गेला, तोवर तिनं बिनपगारी रजा वाढवून घेतली. आईवडिलांना नेता येत नाही असं तिकडून कळलं. आणि येत असतं तरी सुगंधाबाई गेली नसती. "तिथी माह्यासंग भांडाले कोन हाय?" सिरोंच्याच्या बहिणीनं बोलावलं, तिलाही नाही म्हणाली, तिथं सगळे तेलुगूत बोलतात आणि आपल्याबद्दल काय बोलतात ते कळत नाही म्हणे. प्रफुल मागं राहणार होता, पण तो दिवसभर डम्परवर. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात संघप्रिया घरोघर फिरली. भाग्यश्रीला सांगितलं, सकाळी एकदा डोकाव. केवळरामला सांगितलं, भाऊ, दवाखान्याची तारीख चुकू देऊ नका. औषधाच्या दुकानात सांगितलं, गोळ्या न्यायला आली नाही तर मला फोन करा. विहारातल्या बायांना सांगितलं. प्रत्येकानं मान डोलावली. निघताना रिंकू आजीच्या गळ्याला मिठी मारून होती. ती सोडवताना संघप्रियाच्या दंडावर नखांचे ओरखडे उठले, आणि तिनं ते पुसले नाहीत, झाकले नाहीत. आता रिंकू तिच्याच कुशीत झोपते, परक्या देशातल्या उबदार खोलीत, आणि फोनवर रोज सुगंधाबाई म्हणते, मी बरी हाय.

तिनं सगळ्यांना सांगून झालंय. राहिलात तुम्ही. तुम्ही चंद्रपूरला असाल, किंवा कामानं कधी याल, तर बाबूपेठेत जा असं संघप्रिया म्हणते. कोणालाही विचारा, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुगंधाबाई कुठं राहतात. त्या तुम्हाला ओळखत नाहीत. आधी खडसावतील, मग चहा देतील. चहा घ्या. आणि त्या कप ठेवायला वाकल्या, की त्यांच्या पायांकडे बघा, घोट्याच्या जरा वर. सुजल्यासारखे वाटले तर लाजू नका, रागावल्या तरी ऐकू नका. तिथं अंगठ्यानं दाबा, सोडा, आणि बघा. खळगा भरून आला तर ठीक. नाही भरला, तसाच राहिला, तर पाणी पुन्हा साचतंय, मला, संघप्रियाला, कळवा. मी इथं जागी आहे.